रोंशाँचं जुनं चॅपेल पाडलं कुणी?

नमस्कार. मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचे आक्षेप दोन: फ्रान्समधल्या रोंशाँ गावच्या टेकडीवरचं जुनं चॅपेल पाडून वास्तुशिल्पकार ल कॉर्बुझिएला (आपल्या चंडीगडचा तोच) काँक्रीटची हौस भागवू दिली, आणि गावाला कुणी विचारलंच नाही.

पाडलं कुणीच नाही हो. १९४४ च्या शरद ऋतूत त्या टेकडीसाठी फ्रेंच आणि जर्मन फौजा झुंजल्या, त्यात तोफगोळ्यांनी ते ढासळलं. आणि ते तरी कुठे फार जुनं होतं? १९१३ मध्ये वीज पडून आधीची वास्तू जळाली, तिच्या जागी पहिल्या महायुद्धानंतर उभं राहिलेलं. खरी जुनी आहे ती मेरीची यात्रा. १९४४ नंतरही आधी विचार डागडुजीचाच झाला. खर्च झेपेना, म्हणून नवं बांधायचं ठरलं. ल कॉर्बुझिएने तर सुरुवातीला चक्क नकार दिला होता.

आता बांधकाम पाहा. टेकडीवर अवजड सामान चढवायला धड रस्ता नव्हता. म्हणून पडक्या चॅपेलचेच दगड भिंतींत भरले, वरून सिमेंट फवारलं आणि चुना दिला. उरलेल्या दगडांचा पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा रचला, तिथे कामी आलेल्या सैनिकांसाठी. टेकडीवर पाण्याची चणचण, म्हणून ते वाकडंतिकडं छप्पर पावसाचं पाणी एका पन्हळीतून खालच्या हौदात सोडतं. मेरीची जुनी लाकडी मूर्ती पूर्वेच्या भिंतीतल्या काचेच्या कोनाड्यात आहे, आणि ती फिरवता येते! ८ सप्टेंबरच्या यात्रेला गर्दी आत मावत नाही. मग मूर्तीचं तोंड बाहेर, उघड्यावरच्या वेदीकडे करतात. इतका यात्रेकरूंचा विचार केलेल्या वास्तूला मी तरी हौस म्हणणार नाही.

गावाचं म्हणाल, तर १९०५ च्या कायद्याने फ्रान्समधली बहुतेक जुनी गावचर्चेस नगरपालिकेच्या मालकीची आहेत. हे चॅपेल मात्र नाही. क्रांतीच्या काळात ते विक्रीला निघालं, तेव्हा रोंशाँच्याच कुटुंबांनी मिळून विकत घेतलं. आजही ते एका खाजगी संस्थेकडे आहे. निर्णय मालकांचाच होता.

हां, २०११ मध्ये इटालियन वास्तुशिल्पकार रेन्झो पियानोने उतारात खणून बांधलेला मठ आणि प्रवेशद्वाराची इमारत, यांवर टीका करायची असेल तर मी तुमच्या बाजूला आहे. चढ चढून जायचं, आणि समोर आधी तिकीट खिडकी!