प्लेग, पोप आणि बिचारी मांजरं

ते ढकलपत्र पुन्हा आलं. सोसायटीच्या ग्रुपवर, या महिन्यात तिसऱ्यांदा. मजकूर तोच: 'पोपने मांजरांना सैतानाचे दूत ठरवून मारायला लावलं, म्हणून उंदीर वाढले आणि १३४७ साली युरोपात प्लेग आला. डॉक्टर चोचीचे मुखवटे घालून फिरायचे. अडाणी लोक नुसती प्रार्थना करत बसले आणि निम्मा युरोप मेला.' खाली हात जोडल्याची तीन चित्रं.

मांजरांचं आधी बघू. ज्या फर्मानाचा दाखला देतात, ते पोप नववे ग्रेगरी यांचं १२३३च्या सुमाराचं पत्र. जर्मनीतल्या एका पाखंडी पंथाच्या गुप्त विधीचं त्यात वर्णन आहे आणि त्या वर्णनात एक काळं मांजर येतं. बस्स. मांजरं मारा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय पत्र आणि प्लेग यांच्यात शंभराहून जास्त वर्षं गेली. आणि कैरोचं काय करायचं? तिथे पोपचं राज्य नव्हतं, मांजर तर लाडकं. तरी १३४८ मध्ये प्लेगने ते शहर झोडपलंच. भरीला मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला लागतोही. आडवं न जाताच बिचारं बदनाम झालं.

चोचीचा मुखवटा सतराव्या शतकातला. तो विषय संपला.

'नुसती प्रार्थना' हे मात्र मला खरंच खटकतं. प्रार्थना केल्या, का नाही करणार? १३४८ साली दमास्कसमध्ये मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती सगळे उपास करून, आपापले ग्रंथ घेऊन रस्त्यावर उतरले. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने ते पाहिलं आणि लिहून ठेवलं. पण त्याच वर्षी मे महिन्यात इटलीतल्या पिस्तोया गावाने नियम काढले: पिसा आणि लुक्का इथे जायचं नाही, तिकडून कुणी यायचं नाही, वापरलेलं कापड गावात आणायचं नाही. मयताची घंटासुद्धा बंद, कारण ती ऐकून आजाऱ्यांचा धीर सुटतो. हे सुचायला माणसं काय अडाणी लागतात?

फ्रान्समधल्या आव्हिन्योंमध्ये, जिथे तेव्हा पोप राहायचे, पोपचा वैद्य गी द शोलियाक पळून गेला नाही. लोक नावं ठेवतील म्हणून थांबलो, असं तो प्रामाणिकपणे लिहितो. त्याने प्लेगचे दोन प्रकार वेगळे ओळखले: रक्त थुंकवणारा, तीन दिवसांत नेणारा, आणि काखेत-जांघेत गाठी येणारा, पाच दिवसांत नेणारा. पुढे त्यालाही गाठ आली, सहा आठवडे झुंजून तो वाचला. स्पेनमधल्या ग्रानाडाचा वैद्य इब्न अल-खतीब याने तर आजाऱ्याच्या कपड्यांतून, भांड्यांतून रोग पसरतो हे अनुभवाने सिद्ध आहे, असं ठणकावून लिहिलं. १३७७ मध्ये रागुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकने, प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना महिनाभर शहराबाहेर ठेवायचा कायदा केला. पुढे त्या तीस दिवसांचे चाळीस झाले आणि इटालियनमधल्या चाळिसावरून 'क्वारंटाईन' शब्द आला. २०२० साली आपल्याकडे लोकांच्या हातावर ज्याचा शिक्का मारला, तोच.

कारण शोधताना ते चुकले, हे कबूल. पॅरिसच्या वैद्यांनी १३४५ सालच्या शनी-गुरू-मंगळ युतीवर खापर फोडलं. पण प्लेग पसरवणाऱ्या पिसवांवर बोट ठेवलं गेलं ते १८९८ मध्ये, कराचीत. त्याच्या दोनच वर्षं आधी मुंबईची नगरपालिका प्लेग हटवायला गटारं कार्बोलिक या जंतुनाशकाने धूत होती. मग त्याच्याही साडेपाचशे वर्षांपूर्वीच्यांना हसायचं कुठल्या तोंडाने?

'निम्मा युरोप' एवढं मात्र फारसं चूक नाही. अंदाज एक तृतीयांशापासून निम्म्याच्याही पुढे जातात.

आणि त्या काळाला खरोखर दोष द्यावा अशी गोष्ट ढकलपत्रात नाहीच. ज्यूंनी विहिरीत विष कालवलं, अशी अफवा उठली. तेव्हाचे पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्ये दोनदा फर्मान काढून बजावलं की ज्यूही मरतायत, आणि जिथे ज्यू नाहीत तिथेही प्लेग आहे. कोण ऐकतो? १४ फेब्रुवारी १३४९ला स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं. प्लेग तोवर त्या शहरात पोचलाही नव्हता.