वळवाच्या मेसेजमधला जीवघेणा सल्ला

गेले काही दिवस आमच्या गावाकडच्या, म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. पुण्यात राहणारे आम्ही नातेवाईकही तो पुढे ढकलतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वळीव पूर्वापार पडतो, हवामानबदल हे थोतांड आहे. गारा पडतात त्या विमानांनी ढगांत रसायन फवारल्यामुळे. हवामान खात्याचे अंदाज खोटे असतात. आणि वीज मोबाइलमुळे पडते, म्हणून फोन बंद करून मोठ्या झाडाखाली थांबा.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यानं माणूस मरतो.

मोबाइल वीज ओढत नाही. मोकळ्या रानात वीज बहुतेकदा उंच, एकट्या उभ्या वस्तूवर पडते, म्हणजे झाडावरच. खोडातून उतरताना ती शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते. जमिनीत पसरते तेव्हा दोन पावलांच्या मधल्या अंतरातून झटका बसतो. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्याला झटकाही मोठा. आमच्या भावकीतले दोन बैल चिंचेखाली असेच गेले. चिंचेची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोलून निघाली होती. बैलांच्या अंगावर ओरखडाही नव्हता, दावी तशीच गळ्यात.

आणि फोन बंद केला की ‘दामिनी’ही बंद होतं. पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं हे अ‍ॅप २० आणि ४० किलोमीटरच्या आत पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. तो आला, किंवा नुसता गडगडाट ऐकू आला, तरी पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या गाडीत जायचं. उघडा ट्रॅक्टर किंवा रानातली पत्र्याची शेड चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

आता रसायनाचं. कृत्रिम पावसाचे प्रयोग झालेत, पण ते सोलापूर, मराठवाडा अशा पर्जन्यछायेच्या भागात, पावसाळी ढगांवर. गारेला विमान लागत नाही. खाली तापलेली जमीन, समुद्रावरून आलेली वाफ, वर पश्चिमेकडून येणारी थंड कोरडी हवा, एवढं जुळलं की ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्यातला वर जाणारा झोत गोठलेल्या थेंबाला तोलून धरतो, त्यावर बर्फ चढत राहतो, आणि वजन पेलेनासं झालं की गार खाली येते.

वळीव जुना आहे, हे मात्र अगदी खरं. पण तो चैत्र-वैशाखातला. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर चालली, तेव्हा गहू, हरभरा, द्राक्षं रानातच होती. एखाद्या वादळाकडे बोट दाखवून ‘हा हवामानबदल’ असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते आणि अरबी समुद्र तापत चाललाय. ढगाला लागणारा दारूगोळा वाढलाय, याला थोतांड कसं म्हणायचं?

अंदाजाबद्दल एवढंच: इशारा जिल्ह्याला असतो आणि वळवाचा ढग पाच-दहा किलोमीटरचा. ओतूरला झोडपलं आणि नारायणगाव कोरडं राहिलं, तर अंदाज खोटा ठरत नाही. सकाळच्या अंदाजापेक्षा पुढच्या तीन तासांचा इशारा बघा.

सध्या कांदा काढून पातीखाली झाकून ठेवलाय. गडगडाट सुरू झाल्यावर ताडपत्री घेऊन धावणारी माणसंच विजेत सापडतात. दुपारी ढग फुलकोबीसारखे चढायला लागले की तेव्हाच ताडपत्री टाका, कडांना दगड ठेवा आणि घरी या.