सॉकेट तोच, तरी बसत नाही!

अहो, प्रोसेसर बदलायचाय, बिऱ्हाड नाही! ग्रँट रोड स्टेशनच्या जिन्यावरून कॅबिनेट खांद्यावर घेऊन लॅमिंग्टन रोडला तिसरी खेप, आणि दुकानादुकानात एकच उत्तर: "काका, नवीनच घ्या." का म्हणून? २०१६ चं मशीन, रॅम १६ जीबी, एसएसडी टाकलेली, पॉवर सप्लाय ठणठणीत. फक्त प्रोसेसरचे ते चार कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, धापा टाकतात.

माझा प्रोसेसर इंटेलचा; बोर्डावर तो ज्या खाचेत बसतो तो सॉकेट एलजीए ११५१. २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचाही एलजीए ११५१. पिना तेवढ्याच, आकार तोच. पण माझ्या बोर्डावर तो चालणार नाही, त्याला ३०० मालिकेचाच चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) हवा! मग नाव तरी वेगळं द्यायचं! नवा बोर्ड घ्यायला लावायचा हा सरळसरळ डाव आहे. प्रतिस्पर्धी एएमडीच्या जुन्याच एएम४ सॉकेटसाठी २०२२ मध्येही नवे प्रोसेसर आले. म्हणजे ठरवलं तर जमतं ना?

माझ्या नशिबी उरला सातव्या पिढीचा आय-सेव्हन ७७००. कोअर पुन्हा चारच, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) तेवढे आठ. तोही सेकंडहँड, वॉरंटी शून्य. आधी बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा, मग कूलर काढा, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावा. आणि एवढा खटाटोप करून? विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत त्याला जागाच नाही! आणि मायक्रोसॉफ्टवाले विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवून मोकळे.

इतकी वर्षं इमानाने चाललेलं मशीन मी भंगारात का घालू? नाही घालणार!