केईएममध्ये बाहेरचा कोण?

मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत शहराबाहेरच्या रुग्णांकडून जास्तीचा दर घ्यावा, ही कल्पना अधूनमधून कुणीतरी बाहेर काढतं. मग चार दिवस टीव्हीवर वाद, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिव्याशाप, आणि पुन्हा सगळं थंड. इथे कुवैतमध्ये आमच्या खेड-चिपळूण पट्ट्यातली बरीच मंडळी आहेत. त्यांच्यातही यावरून दोन तट पडतात. मुंबईत फ्लॅट घेतलेले म्हणतात, टॅक्स आम्ही भरायचा आणि खाटा बाहेरच्यांनी अडवायच्या, हे किती दिवस चालायचं? ज्यांचे आईवडील अजून गावी आहेत, ते एकतर गप्प बसतात नाहीतर भडकतात. मी भडकणाऱ्यांतला. बाहेरच्यांचा वेगळा दर म्हणजे काय, हे मी इथे अंगावर काढतोय.

कुवैतची सरकारी आरोग्यसेवा नागरिकांना मोफत आहे. आम्हा बिगरकुवैतींचे दर वेगळे. ते ऑक्टोबर २०१७ मध्ये एकदम वाढवले, आणि डिसेंबर २०२२ पासून औषधांचेही पैसे सुरू झाले: भागातल्या दवाखान्यात ५ दिनार, मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत १० दिनार. एक दिनार म्हणजे अडीचशे रुपयांच्या वर. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, काढताना आरोग्य विम्याचे पैसे भरलेले असतात, ते वेगळेच. त्याच्या आधी २०१३ मध्ये जहराच्या रुग्णालयात सकाळची ओपीडी फक्त नागरिकांसाठी आणि बाकीच्यांनी दुपारनंतर यायचं, असाही प्रयोग झाला होता. २०१८ च्या अखेरीस हजारावर खाटांचं जाबेर रुग्णालय उघडलं, तेच मुळी नागरिकांसाठी म्हणून.

याने गर्दी हटली का? दवाखान्यातले बाक मोकळे दिसतात, हे खरं आहे. पण बाकावरची माणसं बरी होऊन गेलेली नाहीत, ती खोलीवर आहेत. आमच्या बिल्डिंगमध्ये मंडणगडकडचे एक ड्रायव्हर काका राहतात. बीपीची गोळी ब्लेडने अर्धी करून घेतात. डॉक्टरने तसं सांगितलंय म्हणून नाही, गावाहून पुढचा माणूस येईपर्यंत पुरवायची म्हणून. सुट्टीवरून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत आमसुलं आणि कुळथाच्या पिठाबरोबर कुणा ना कुणाच्या गोळ्यांची पाकिटं असतात. शर्टाच्या घडीत, चिठ्ठीवर नाव लिहून. काका दवाखान्यात जातात ते चक्कर येऊन पडल्यावर. तेव्हा त्यांना थेट कॅज्युअल्टीतच न्यावं लागतं, आणि तिथला खर्च सगळ्यांनाच जास्त पडतो.

उगाच नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. इथल्या सरकारी रुग्णालयात पेशंट जमिनीवर गादी टाकून झोपलेला मी पाहिलेला नाही. नातेवाइकाला ट्रॉली ढकलावी लागत नाही, रक्ताची बाटली हातात धरून लॅब शोधत फिरावं लागत नाही. भेटीची वेळ संपली की सिस्टर आपल्याला बाहेर काढते, आणि पुढचं सगळं तीच बघते. ती सिस्टर बहुधा केरळची असते. म्हणजे रुग्णालय चालवायला बाहेरचे चालतात, केसपेपर काढताना मात्र त्यांची रांग वेगळी. असो. कुवैतकडून मुंबईने उचलायचंच असेल, तर खाटांमागे किती सिस्टर ठेवतात ते उचलावं. दरपत्रक तिथेच राहू द्यावं.

आता परळच्या केईएमकडे येऊ, पालिकेच्या मोठ्या रुग्णालयाकडे. त्याचा जन्मच बाहेरचे-आतले या भांडणातून झाला, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. भायखळ्याचं जे. जे. आणि ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचं. पण तिथल्या मोठ्या जागा गोऱ्या डॉक्टरांकडे जात. आपल्या मुलांनी पदव्या घ्यायच्या आणि हाताखाली राबायचं. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महापालिकेला देणगी दिली ती एक अट घालून: या कॉलेजात नेमले जाणारे डॉक्टर आणि शिक्षक भारतीयच असतील. १९२६ साली रुग्णालय उभं राहिलं, पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. आपल्याच शहरात परके ठरलेल्यांनी काढलेलं हे रुग्णालय. आज तिथे सुमारे अठराशे खाटा आहेत आणि वर्षाला अठरा लाखांच्या आसपास बाह्यरुग्ण येतात. १९८६ मध्ये देशातल्या टेस्टट्यूब बेबीचा, शास्त्रीय नोंदींसह झालेला पहिला जन्म इथलाच, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून. अरुणा शानबाग ही इथली परिचारिका मूळची उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची. १९७३ च्या हल्ल्यात ती कायमची अंथरुणाला खिळली; तेव्हापासून २०१५ मध्ये ती जाईपर्यंत, बेचाळीस वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी पिढ्या बदलत तिची सेवा केली. तिचं घर पालिकेच्या हद्दीत येतं का, हा प्रश्न त्या वॉर्डात कुणाला पडल्याचं ऐकलेलं नाही.

आणि हे रुग्णालय उभं कुठे आहे? गिरणगावात. आजूबाजूच्या चाळींत एकेका खोलीत आमच्या रत्नागिरीचे पंधरा-पंधरा गाववाले पाळी बदलून झोपायचे. बायकामुलं गावी, जेवण खाणावळीत, आणि यंत्रात हात गेला किंवा छातीत कापूस भरला की केईएम. कोकणाने मुंबईला नुसते पेशंट पाठवले असंही नाही. नायर रुग्णालयाचं कॉलेज १९२१ मध्ये असहकाराच्या लाटेत निघालं, त्याला पुढे टोपीवाला हे नाव मिळालं ते टोपीवाले देसाईंच्या देणगीमुळे. मालवणचं टोपीवाला हायस्कूल त्याच घराण्याच्या नावाचं.

इतिहास बाजूला ठेवू, पैशाचं बोलू. पालिकेचा पैसा मुंबईकरांचा, असं सरसकट म्हणतात. त्यात मालमत्ता कर आहे, मान्य. पण जकात १ जुलै २०१७ ला गेली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकार पालिकेला भरपाई देतं. ती राज्याच्या तिजोरीतून येते, आणि त्या तिजोरीत दापोलीच्या दुकानात साबण घेणाऱ्या बाईचाही जीएसटी जातो.

शिवाय 'बाहेरचा' ओळखायचा कसा? गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, आणि लालबाग-परळची कोकणी पोरं नालासोपारा, दिवा, बदलापूरला फेकली गेली. रोज पहाटे लोकलला लटकून तीच मुंबईत येतात: कुणी बेस्टमध्ये, कुणी सिक्युरिटीत, कुणी खुद्द केईएममध्ये वॉर्डबॉय. आधार कार्डावर पत्ता दिव्याचा. तो मुलगा केईएममध्ये ट्रॉली ढकलणार, आणि त्याची आई आजारी पडली तर तिला बाहेरचा दर लावणार?

गावाकडच्याला तर आत्ताही वेगळा दर पडतोच, फक्त तो पालिकेच्या खात्यात जमा होत नाही. तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरायचं, सोबत दोन माणसं, त्यांची मजुरी बुडाली, रात्री परळच्या फूटपाथवर चटई. हौस म्हणून कुणी एवढं करत नाही. गोव्याने १ जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा सीमेवरच्या दोडामार्गात लोक रस्त्यावर आले, ते याचसाठी. जवळचं मोठं रुग्णालय तेवढं एकच होतं.

इथे आपल्या लोकांनाही बोललं पाहिजे. सिंधुदुर्गात २०२१ ला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, रत्नागिरीत २०२३ ला. दोन्ही वेळा फटाके वाजले. पण कॉलेज म्हणजे बोर्ड नव्हे. हृदयाचा, मेंदूचा, मूत्रपिंडाचा डॉक्टर तिथे टिकून राहिला तर ते कॉलेज. तो टिकत नाही तोवर 'मुंबईला घेऊन जा' हेच औषध. चिपळूणजवळच्या डेरवणचं वालावलकर रुग्णालय एका ट्रस्टने आडगावात चालवून दाखवलं आहे, तेव्हा कोकणात डॉक्टर राहतच नाहीत हे रडगाणं पटत नाही. आखाताच्या पैशावर आमच्याकडे कमानी, सभामंडप, मशिदींचे मिनार सगळं झालं. डॉक्टरांना राहायला चांगली क्वार्टर्स बांधून द्यावीत, हे एकाही मंडळाच्या बैठकीत मी ऐकलेलं नाही.

तरी मुंबईकराची तक्रार खोटी नाही. एका खाटेवरचे दोन पेशंट तोही बघतो, आणि त्याच्या वॉर्डातल्या दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर मिळाला नाही, तर साध्या तापालाही तो परळला येतो. पालिकेला खर्च वसूल करायचाच असेल, तर तो पेशंटच्या खिशातून न करता जिल्ह्याकडून करावा. रत्नागिरीतून आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी: काय आजार, कुठल्या रुग्णालयाने पाठवला, तिथे कुठला डॉक्टर नव्हता. वर्षाअखेरीस त्याचं बिल राज्याच्या आरोग्य खात्याला जावं, आणि ते जिल्हावार छापलं जावं. म्हणजे रिकाम्या जागा भरणं स्वस्त की परळचं बिल फेडणं, याचा हिशेब मंत्रालयात मांडावा लागेल. दिव्याच्या त्या आईला केसपेपरसाठी दहाची नोट पुरेल.