स्कॅन केला म्हणजे वाडा वाचला?

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. ‘वाडे मोडकळीला आलेत, भावनिक होऊ नका. थ्रीडी स्कॅन करून ठेवा आणि खुशाल पाडा. पॅरिसचं नोत्र दाम स्कॅनवरूनच पुन्हा उभं केलं. आणि लक्षात ठेवा, हेरिटेज यादीत नाव गेलं की वाडा सरकारजमा!’ जुन्या इमारतींची मोजणी हे माझं रोजचं काम, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी पॅरिस. अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने २०१० मध्ये नोत्र दाम या जुन्या कॅथेड्रलचं लेझर स्कॅनिंग केलं होतं, त्यात वास्तूच्या पृष्ठभागावरचे अब्जावर बिंदू नोंदले गेले, हे खरं. पण १५ एप्रिल २०१९ च्या आगीत भिंती, दोन्ही मनोरे आणि दगडी कमानछताचा बराचसा भाग उभाच राहिला होता. स्कॅनला धरायला मूळ वास्तू होती. जळालेल्या ओक लाकडाच्या सांगाड्यासाठी २०१४ मध्ये दोन वास्तुविशारदांनी तपशिलाने केलेली मोजणी कामी आली आणि नवे वासे सुतारांनी कुऱ्हाडीने तासले. स्कॅन सगळ्यांना आठवतो, कुऱ्हाड कुणाला आठवत नाही.

आता मुख्य मुद्दा. स्कॅनरला दिसतो तो पृष्ठभाग. एका वाड्यात आमच्या स्कॅनमध्ये माजघराची तुळई सरळ, धडधाकट दिसत होती. बरोबरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने ती टोकाकडून मधपर्यंत ठोकत नेली. भिंतीत शिरते तिथे आवाज भद्द आला. गिलावा काढला तर तेवढं टोक वाळवीने भुसा केलेलं, बाकीचं सागवान ठणठणीत. म्हणजे बदलायची होती हातभर लांबी, आणि मालक निघाले होते अख्खा मजला उतरवायला. तीच गोष्ट वरच्या मजल्याच्या जमिनीची. खालून कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या दिसतात, वरून फरशी. मधल्या वीतभर थरात माती आहे, चुना आहे की कुणी मागे ओतलेलं काँक्रीट, हे उकरल्याशिवाय कळत नाही. चुन्यात काय मिसळलं होतं तेही नमुना तपासल्याशिवाय नाही. पाडलेल्या वाड्याच्या फाइलला हे प्रश्न विचारता येत नाहीत.

मोजणी नको, असं मुळीच म्हणत नाही. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला आणि आपण आजही जोत्यांकडे बघत वर मजले किती होते यावर भांडतोय. कुणी वेळीच नीट नकाशे करून ठेवले असते तर! पण नकाशा दुरुस्तीला हाताशी लागतो, पाडकामाच्या परवानगीला जोडायला नव्हे.

‘सरकारजमा’ तर साफ खोटं. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे. यादीतली खासगी घरं खासगीच आहेत, विकलीही जातात. बंधन येतं ते बदलांवर, आणि तेही श्रेणीनुसार. पहिल्या श्रेणीला कडक, तिसरीला बरंच सैल.

हां, मालकाचं रडगाणं मात्र खरं आहे. बऱ्याच भावंडांचे हिस्से, वर जुने भाडेकरू महिन्याला चहापुरतं भाडं देणारे, आणि कौलं शाकारायचा खर्च एकट्याच्या माथी. त्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळ नाही.