गुळाचे गोळे इंद्रायणीत सोडू नका

परवा आत्याचा फोन आला. तिच्या भजनी मंडळानं वर्गणी काढून २१ किलो गूळ आणलाय. रविवारी सगळ्याजणी मिळून गूळ, शेण, ताक आणि माती कालवणार, १०८ गोळे वळणार आणि कार्तिकीच्या आधी आळंदीच्या घाटावरून इंद्रायणीत सोडणार. "तू दर रविवारी नदीवर जातेसच, या रविवारी आमच्याबरोबर ये," म्हणाली. आवाजात इतका आनंद होता की मला लगेच काही बोलवेना.

कुणी सांगितलं हे, असं विचारल्यावर तिनं मेसेज पाठवला. तो तोवर मला चार गटांमधून आला होता आणि चारही वेळा मी तो न वाचताच पुसून टाकला होता. आता वाचला. थोडक्यात त्यात असं आहे: वाहती नदी सात खडकांवरून वाहिली की आपोआप शुद्ध होते आणि हे एका इंग्रज शास्त्रज्ञानं सिद्ध केलंय. आळंदीचा फेस म्हणजे पाण्यातला प्राणवायू. जलपर्णी विष पिते, म्हणून ती काढू नये. गूळ-शेणाच्या गोळ्यांतले 'चांगले जिवाणू' ४० दिवसांत नदी स्वच्छ करतात. तेच पाणी तुरटी फिरवून तीर्थ म्हणून प्यायला हरकत नाही. आणि नदी वाचवायला निघालेली माणसं फोटोपुरती असतात. शेवटी, ज्या माउलीनं तुकोबांच्या वह्या तारल्या तिला आपण काय तारणार, असं विचारून हा मेसेज ११ जणांना पाठवायला सांगितलंय.

रविवार जवळ आलाय, म्हणून गुळापासून सुरुवात करते.

गूळ पाण्यात पडला की जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात, हे खरं. पण तो खाताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. साखर पूर्ण कुजायला तिच्या वजनाहून थोडा जास्तच प्राणवायू लागतो. गुळात साखरेखेरीज थोडं पाणी आणि क्षार असतात, म्हणून किलोभर गुळाला साधारण किलोभर प्राणवायू धरू. आता पाण्यात प्राणवायू असतो किती? २५ अंश तापमानाला, अगदी स्वच्छ, खळाळत्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम. भागाकार करून बघा. एक किलो गूळ सव्वा लाख लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकतो. २१ किलोंचे होतात सव्वीस लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २६० टँकर. शिवाय हा हिशेब स्वच्छ पाण्याचा आहे. आळंदीच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यात एवढा प्राणवायू मुळात नसतोच.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको. मळीपासून दारू गाळल्यावर उरलेलं पाणी नदीत सुटलं की दुसऱ्या दिवशी मासे तरंगतात. त्या पाण्यात जहर कालवलेलं नसतं. ऊस-गुळाच्याच कुळातला माल असतो तो, आणि कुजताना नदीचा श्वास घेऊन जातो. मासे गुदमरून मरतात. तीच गोष्ट आपण भजन म्हणत, हळदकुंकू वाहून करायची?

शेणाचं तर विचारूच नका. पाणी दूषित आहे की नाही हे ठरवताना प्रयोगशाळेत माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यातल्या जिवाणूंचीच मोजदाद करतात. तेच आपण टोपल्या भरून टाकणार. शेतात शेण-गूळ घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही. शेताच्या मातीत हवा खेळते, तिथे त्यांचं काम होतं. नदी म्हणजे शेत नव्हे.

जिवाणूंबद्दलची अर्धी गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. सांडपाणी शेवटी जिवाणूच साफ करतात. प्रत्येक मैलाशुद्धीकरण केंद्रात तेच राबत असतात. पण तिथे त्यांच्यासाठी रात्रंदिवस ब्लोअर लावून टाक्यांमध्ये हवा भरावी लागते, आणि केंद्राच्या वीजबिलाचा मोठा वाटा त्यावरच जातो. इंद्रायणीत जिवाणूंचा तुटवडा कधीच नव्हता, प्राणवायूचा आहे. तो वाढवायचा सोडून खाणारी तोंडं वाढवायची आणि वर त्यांना खाऊही द्यायचा, याला नदीची सेवा कसं म्हणायचं?

दुसरा मुद्दा तुरटीचा. इथे मला नुसता राग आला नाही, भीती वाटली. आत्याच्या देवघरात आळंदीहून भरून आणलेली बाटली आहे. तुरटी फिरवलेली, दिसायला नितळ. रोज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या हातावर त्यातलं पळीभर पाणी पडतं. तिच्या सुनेला सातवा महिना लागलाय.

तुरटीनं गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. गाळाबरोबर काही जंतू तळाशी जातात, बाकीचे नितळ पाण्यात राहतात. जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटी घालतात, पण ती पहिली पायरी असते. पुढे पाणी वाळूतून गाळतात आणि मग त्यात क्लोरीन घालतात. कारण जंतू असतील तर पाणी निव्वळ निवळलं म्हणून पिण्याजोगं होत नाही. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून काविळीचा हिपॅटायटिस ई हा विषाणू पसरतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती ती याचीच, आणि त्यात माणसं दगावली. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेसेज लिहिणाऱ्यानं हे वाचलं नसेल. पुढे पाठवणाऱ्यांनी तरी आता वाचावं.

उकळलं तर? उकळल्यानं जंतू मरतात. साबणाची रसायनं आणि कारखान्यांतून आलेले धातू उकळून जात नाहीत, उलट पाणी आटतं तसे दाटच होतात.

इंद्रायणीचं पाणी कसं आहे, हे माझ्या सांगण्यावर ठेवू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. देशभरात ३५१ पट्टे निघाले आणि त्यांतले सर्वांत जास्त, ५३, आपल्या महाराष्ट्रात. मुळा आणि मुठा सर्वांत वाईट वर्गात. इंद्रायणीचा मोशी ते आळंदी हा पट्टाही त्या यादीत आहे. २०२२ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा देशातले पट्टे ३११ वर आले, महाराष्ट्रातले वाढून ५५ झाले आणि पहिला नंबर आपण सोडला नाही. मंडळाची कसोटी काय, तर पाण्यातली घाण कुजायला लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू लागत असेल तर तो पट्टा प्रदूषित. आणि ही नदीत उतरून आंघोळ करण्यासाठीची मर्यादा आहे. पिण्याचा निकष याहून कितीतरी कडक आहे: १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातला एकही जिवाणू सापडता कामा नये.

आता सात खडक आणि इंग्रज शास्त्रज्ञ. शास्त्रज्ञ खरा आहे. अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली लिहिलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू मरतात. पुढे वीसेक वर्षांनी जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा शोध लागला आणि त्यामागचं कारण कळू लागलं. पण असा विषाणू त्याच्या ठरलेल्या जिवाणूलाच मारतो. साबण, अमोनिया, रंग, तेल यांचं तो काही करत नाही. आणि १८९६ साली कुणाच्या घरात डिटर्जंटही नव्हतं.

नदी स्वतःला साफ करते हेही खोटं नाही. १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर त्याचं गणितच मांडलं. घाण पडली की प्राणवायू घसरतो, आणि पाणी वाहत राहिलं, हवेत घुसळत राहिलं की पुढे काही अंतरावर तो पुन्हा चढतो. मात्र सावरायला मधलं अंतर मोकळं लागतं. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या डोंगरातून निघालेली इंद्रायणी कामशेतपर्यंत पावसाळ्यात कशी दिसते ते जाऊन पाहा. याच नदीचं नाव मावळातल्या तांदळाला दिलंय. खाली तळेगाव, देहू, चिखली, मोशी असं येताना एका नाल्यातून सावरायच्या आत दुसरा नाला येऊन मिळतो. साध्या घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला साधारण २५० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे तीसेक लिटर चांगल्या पाण्यातला सगळा. उन्हाळ्यात एका लिटरमागे तीस लिटर चांगलं पाणी नदीत असतं कुठे? धरणं, बंधारे आणि उपसा यांतून उरतं ते बहुतेक आपलंच सांडपाणी. खडक सात असोत की सत्तर.

फेसाबद्दल फार लिहीत नाही. आळंदीत नदीवरच भरलेली एक बाटली माझ्याकडे आहे. ती हलवली की वर फेस येतो आणि बराच वेळ बसत नाही. घरच्या नळाच्या पाण्याची बाटली हलवली की बुडबुडे क्षणात फुटतात. पहिल्या पावसात पालापाचोळा कुजून ओढ्यांना थोडा फेस येतो, तेवढा नैसर्गिक. बंधाऱ्यावरून पडताना ढगासारखा उठणारा हा पांढरा फेस साबणाचा आहे. लहान मुलांना त्यात उभं करून फोटो काढू नका.

जलपर्णी धातू आणि खतांतली द्रव्यं शोषते, हेही अर्धं खरं. पण ती बाहेर काढली तरच ती द्रव्यं बाहेर जातात. तिथेच राहिली तर मरून तळाशी बसते, कुजते आणि प्यायलेलं सगळं परत करते. तोवर ऊन आणि हवा अडवते, डास पोसते. दोन आठवड्यांत दुप्पट होणारी ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती आहे. ती काढण्यात पाप कसलं?

राहिली फोटोपुरती माणसं. काठावरच्या पिशव्या वेचल्यानं पाणी शुद्ध होत नाही, हे मी मान्य करते. झाडू हातात घेऊन फोटो काढणारे मीही पाहिलेत. पण आमचा रविवार असा जातो: काठानं चालायचं, येऊन मिळणारा प्रत्येक नाला वहीत टिपायचा, वेळ, रंग आणि वास लिहायचा, जमेल तिथे प्राणवायू मोजायचा, आणि मग त्या नोंदी घेऊन कार्यालयांत खेटे घालायचे. एका नाल्यातून रोज पहाटे निळसर पाणी यायचं. पहाटे कोण बघणार, या भरवशावर ते सोडलं जात होतं. आम्ही सलग पाहिलं, लिहिलं, तक्रार केली, पुन्हा केली. अकराव्या महिन्यात ते थांबलं. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

आणि आम्ही काही पहिले नाही. डॉ. विश्वास येवले यांनी २००२ मध्ये जलदिंडी सुरू केली. आळंदीहून पंढरपूरपर्यंत होडीतून, नदीकाठच्या गावांशी बोलत. कारण तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते आणि तीच भीमा उजनीतून पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. आळंदीत टाकलेलं पाणी वारकऱ्यांच्या आधी विठोबाच्या पायांशी जायला निघतं. पुण्यात 'जीवितनदी'ची मंडळी मुळा-मुठेचे काठ दत्तक घेतात आणि नदीत जाणारी रसायनं घरातूनच कमी कशी करायची ते शिकवतात. पालख्यांच्या वाटेवर फिरती शौचालयं उभारणारी निर्मलवारी तर आत्यानं स्वतः पाहिली आहे.

श्रद्धेनं नदी वाचते का, असं तिनं मला फोनवर विचारलं. वाचते, पण गोळ्यांनी नाही. संत नामदेव जिथे राहिले त्या घुमानमुळे पंजाब वारकऱ्यांना परका नाही. तिथे सुलतानपूर लोधीजवळून काली बेईं वाहते. गुरू नानकांची ही नदी १६० किलोमीटर लांब. ती गटार झाली होती. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल आपल्या माणसांना घेऊन पाण्यात उतरले. कारसेवा म्हणून जलपर्णी आणि गाळ काढला, काठ बांधले आणि मुख्य म्हणजे गावांचं सांडपाणी नदीत जाऊ न देता साफ करून शेतांकडे वळवलं. २००६ मध्ये राष्ट्रपती कलाम ती नदी बघायला गेले. वरच्या गावांतून घाण सुटली की आजही तिथे मासे मरतात, म्हणून ते लोक काठावरून उठलेले नाहीत.

हे सगळं मी आत्याला काल तिच्या घरी जाऊन सांगितलं. भागाकार कागदावर करून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं देवघरातली बाटली काढून माझ्या हातात दिली आणि सुनेला म्हणाली, "उद्यापासून आपल्या नळाचं पाणी, तुळस घालून." फोन घेऊन मंडळाच्या गटात तिनं बोलून निरोप पाठवला: "बायांनो, गोळे करायचे नाहीत. का ते मी भेटल्यावर सांगते. गूळ कुणी घरी नेऊ नका."

रविवारी आम्ही मोशीजवळ जलपर्णी काढायला उतरतोय. भजनी मंडळाच्या चौदाजणी येणार आहेत. ज्यांना पाण्यात उतरवत नाही त्या नाल्यांची वही धरतील. शेंगदाणे आत्या भाजून आणते म्हणाली, गूळ आहेच.