तो झोपलेला येशू नव्हे, आणि चित्र मायकेलअँजेलोचंही नव्हे

चार देवदूतांमध्ये बसलेल्या विवस्त्र येशूचं एक चित्र ‘मायकेलअँजेलोचा निद्रिस्त ख्रिस्त’ म्हणून फिरतंय. हे चुकीचं आहे. चित्र रोस्सो फिओरेन्तिनो या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराचं. त्याने ते रोममध्ये, साधारण 1524 ते 1527 दरम्यान, बिशप लिओनार्दो तोर्नाबुओनीसाठी लाकडी फळीवर तैलरंगात केलं. आज ते बॉस्टनच्या म्यूझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे.

गल्लत का होते ते समजतं. व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपल या प्रार्थनागृहात मायकेलअँजेलोने रंगवलेल्या आकृतींचा ठसा या भरदार देहावर स्पष्ट आहे.

पण हा येशू मेलेला आहे. चित्र मोठं करून बघाच: कुशीत भाल्याची जखम आहे, पायांशी क्रूसावरचे खिळे आणि क्रूसावरच्या येशूला आंब पाजायला वापरलेला स्पंज पडलाय. देवदूतांच्या हातातल्या उंच मेणबत्त्याही मृतदेहाजवळच्याच. चेहरा मात्र इतका शांत, की पाहणारा फसतो, आणि मला तरी यातच रोस्सोची खरी ताकद दिसते.

‘हा प्रसंग बायबलमध्ये आहे’ हेही बरोबर नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, देवदूत रिकाम्या कबरीपाशी भेटतात. मृत येशूला त्यांनी सावरल्याचं वर्णन तिथे नाही. तो विषय ख्रिस्ती चित्रपरंपरेतून आला.